पन्नासाव्या चांदणीची जागा

कृष्णाकाकी ज्या खोलीत बसून शिवायच्या त्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या गोदामाची भिंत. दुपारी थोडा वेळ त्या भिंतीवर ऊन उतरायचं. तेवढ्यात काकी काज, हातशिलाई असलं बारीक काम उरकून घ्यायच्या. ऊन वर सरकलं की मग मशीन.

मी सोलापूरची. अठ्ठावन्न साली लग्न होऊन बेंगळूरला आले. शिवाजीनगरात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे जयसिंगरावांचं, शिंप्याचं दुकान होतं. पूर्वी गोऱ्या पलटणीचे कपडे शिवायचे. गोरे गेले, पाटी तीच राहिली. पुढं दुकान, मागं ती खोली, त्यामागं आमचं घर. घरात मराठीच बोलायचे, पण सोलापूरच्या माणसाला अर्धी कळू नये अशी. थोड्याला स्वल्प, बरंला सरी, वडीलधाऱ्याला अण्णा, मोठ्या बाईला अक्का. सुरुवातीला मी नुसती मान हलवायचे. त्या घराची बोली मला काकींनी शिकवली, मशीन चालवता चालवता.

काकी माझ्या चुलत सासूबाई, मामंजींच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ विषमज्वरानं गेले तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. मूलबाळ नाही. नवऱ्याचं पायमशीन राहिलं, ते पुढच्या दुकानातून उचलून मागच्या खोलीत ठेवलं आणि काकी त्याच्यापुढं बसल्या. पुढं गुंडू आणि आणखी दोन कारागीर होते. पण अवघड काम सगळं मागं यायचं. बाईमाणूस, त्यातून विधवा, गिऱ्हाइकासमोर कशी बसणार? दुकान आणि खोली यांच्यामध्ये फळीचा आडोसा होता, वरून अर्धा पडदा. तो ओलांडून काकी दुकानात येत नसत.

आमच्याकडे एक रीत होती. नवं काम सुरू करताना पहिला टाका सवाष्णीनं घालायचा. आधी सासूबाई घालायच्या, मी आल्यावर ते माझ्याकडं आलं. काकी सुई ओवून माझ्या हातात द्यायच्या, मी एक टाका घालायचे आणि कापड परत त्यांच्या मांडीवर. बाकीचा सगळा कपडा त्यांचा.

एकोणसाठच्या मे महिन्यात प्राणेशसर दुकानात आले. ते कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. मूळचे धारवाडकडचे, त्यामुळे मराठी चांगली बोलायचे, कानडी हेलानं.

"जयसिंगराव, निशाणं शिवून पाहिजेत. अमेरिकेची. सात."

"एका देशाची सात निशाणं?" मामंजी म्हणाले.

"देश एकच हो. पण वाढत गेलेला. नवं राज्य आलं की निशाणावर एक चांदणी वाढते. चार जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, कॉलेजात प्रदर्शन आहे. तेरा चांदण्यांपासून एकोणपन्नासपर्यंत, भिंतीवर ओळीनं लावायचीत."

"म्हणजे वाढत्या अंगाचं गिऱ्हाईक," मामंजी हसले. "कृष्णाबाई, ऐकलंत का? तुमचं काम आलं."

माप समजावायला सर फळीपाशी येऊन उभे राहिले. ते पडद्याच्या त्या बाजूला, काकी आणि मी या बाजूला. पहिला टाका घालायला सासूबाईंनी मला बसवलंच होतं. काकी म्हणाल्या, "अमेरिकेला काय कळणार आहे, अक्का, टाका कुणी घातला ते?" सासूबाई म्हणाल्या, "देवाला कळतं." मी घातला.

मग सर आठ-दहा दिवसांनी येऊन काम बघून जायचे, आणि काकी प्रश्न विचारायच्या. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. पण ज्या कपड्याचं कारण कळत नाही तो आपल्याला नीट शिवता येत नाही, असं त्या म्हणायच्या.

"तेरा होती ती एवढी झाली कशी? जिंकली का?"

"काही विकत घेतली. फ्रान्सकडून मोठा मुलूख घेतला, रशियाकडून अलास्का. काही मेक्सिकोशी लढून घेतली. आणि सगळीकडं आधीपासून राहणारी माणसं होती, त्यांना हुसकावलं."

"त्यांची चांदणी कुठली?"

"त्यांची नाही, अक्का."

काकींनी चांदणीचं टोक दुमडून दाबलं. मग सर म्हणाले, "आणि मुलूख घेतला की लगेच राज्य होत नाही. आधी नुसता मुलूखच. वॉशिंग्टनहून कारभारी नेमून येतो. तिथल्या लोकांनी कर द्यायचा, लढाईला पोरं द्यायची, पण जिथं कायदे होतात त्या सभेत त्यांना मत नाही. एक माणूस पाठवता येतो. तो बोलू शकतो, हात वर करू शकत नाही."

"राबायला घरात, विचारायला दारात," काकी म्हणाल्या.

सर मोठ्यानं हसले. पुढून मामंजींनी मान वळवून बघितलं.

"मग राज्य कधी होतं?"

"सभेनं कायदा केला की. त्यांच्या सभेची दोन घरं आहेत. दोन्ही घरांत पास व्हावा लागतो, मग अध्यक्ष सही करतो. हवाई बेटांचं बघा. साठ वर्षं झाली त्यांचा मुलूख घेऊन. एका घरानं हो म्हणायचं, दुसऱ्या घरात कागद पडून राहायचा. असं किती वेळा झालं. आत्ता मार्चमध्ये दोन्ही घरांनी हो म्हटलं. आता तिथल्या लोकांचा कौल घेतील आणि होईल राज्य."

"दोन घरचा पाहुणा उपाशी," काकी म्हणाल्या. "तिथं आधी कोण होतं?"

"राणी होती. तिला गादीवरून काढलं. नंतर तिच्याच राजवाड्यात माडीवरच्या एका खोलीत कोंडलं, कितीतरी महिने."

"मग ती दिवसभर काय करायची?"

"गोधडी शिवायची म्हणतात. रेशमाचे तुकडे जोडून."

काकींचा पाय मशीनवर थांबला. "कौदी?"

"हो, कौदीच."

"खिडकी असेल ना त्या खोलीला?"

"असेल की," सर म्हणाले. त्यांना ठाऊक नसावं. काकींनी पुन्हा मशीन चालू केलं.

शेवटचं निशाण एकोणपन्नास चांदण्यांचं. ते काकींनी जूनअखेरीला पुरं केलं आणि सर न्यायला आले. सगळी बघून खूश झाले, ते एक उलगडलं आणि थांबले.

"अक्का, हे काय? ही खाली उजवीकडं जागा का मोकळी?"

निळ्या कापडावर सात ओळी, ओळीत सात चांदण्या, पण सगळ्या जरा वर आणि डावीकडं दाटीवाटीनं बसवलेल्या. खाली कोपऱ्यात एका चांदणीपुरतं निळं रिकामं.

"तुम्हीच म्हणालात, हवाईचा कायदा पास झाला," काकी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पन्नासावी येणार. तेव्हा तिच्यासाठी जागा ठेवली. पोरांचा शाळेचा सदरा शिवतो तेव्हा नाही का आत कापड दाबून ठेवत? पोर वाढलं की सोडता येतं. तसं."

सर हसले, पण चेष्टेनं नव्हे. "तसं चालत नाही, अक्का. त्यांच्या कायद्यात आधीपासून जागा ठेवत नाहीत. नवी आली की पुढच्या चार जुलैला सगळ्या चांदण्या नव्यानं मांडतात. ओळी बदलतात, प्रत्येकीची जागा बदलते."

"एकीसाठी सगळ्यांना सरकवतात?"

"हो."

मामंजी पुढून म्हणाले, "कृष्णाबाई, गिऱ्हाईक सांगतं तसं शिवावं. डोकं कशाला चालवायचं?" काकींनी एकोणपन्नास चांदण्या उसवल्या आणि पुन्हा लावल्या. त्या दिवशी भिंतीवरचं ऊन गेल्यावरही त्या हातानंच शिवत होत्या.

प्रदर्शन बघायची काकींना फार इच्छा होती. सासूबाई म्हणाल्या, कॉलेजात पोरापोरींत तू कुठं जातेस. मी आणि माझे यजमान उपेंद्र जाऊन आलो. आल्या आल्या काकींनी विचारलं, "वारा होता का गं?"

"आत हॉलमध्ये कुठला वारा, काकी?"

"मग नुसती लोंबत असतील."

"छान दिसत होती. आणि ऐका तरी." मला केव्हा एकदा सांगते असं झालं होतं. हॉलमध्ये सरांच्या पत्नी नीलाताई भेटल्या होत्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसवनगुडीत, त्या बायकांचा शिवणवर्ग चालवायच्या. त्यांनी चांदण्यांची टोकं हातानं चाचपून बघितली आणि विचारलं, कुणी शिवलं हे? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला शिकवायला बाई हवी आहे, वर्गाच्या मागं राहायला खोली आहे, मशीन आपलं आणलं तर उत्तम. गणपतीच्या आधी कळवा, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल.

काकींनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "खोलीची खिडकी कुठं उघडते, विचारलंस?"

ते काही मी विचारलं नव्हतं.

काकींनी रात्रीची जेवणं झाल्यावर मामंजींपुढं विषय काढला. त्या त्यांच्याशी सरळ बोलत नसत, सासूबाईंकडं बघून बोलायच्या. त्या दिवशी मात्र सरळ बोलल्या. मामंजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं.

"माझं काय आहे, कृष्णाबाई? मी तुम्हाला बांधून ठेवलंय का? पण समाजात राहायचं आपल्याला. उद्या माझ्या मुलीचं लग्न जमवायचं. समाजानं हो म्हटलं की माझं हो."

"आणि मशीन?"

"मशीन दुकानाचं."

"मशीन माझ्या माणसाचं होतं, अण्णा."

"आणि तुमचा माणूस दुकानाचा होता."

सासूबाई रडायला लागल्या. "लोक म्हणतील जावेनं घालवली. तुला इथं काय कमी केलं गं आम्ही?" ते खरं होतं. जेवायला सगळ्यांबरोबर वाढायच्या, काकींना ताप आला तर रात्रभर उशाशी बसायच्या. काकींनी त्यांचे डोळे पुसले आणि ताटं उचलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी काकी मला घेऊन आप्पाजींकडं गेल्या. आप्पाजी आमच्या समाजाचे पुढारी, विठ्ठलाच्या देवळाचा कारभार त्यांच्याकडं. माणूस गोड. गूळपाणी दिलं. म्हणाले, "कृष्णाबाई, समाज कशाला आड येईल? तुमच्या घरच्या कर्त्यानं सभेत विषय मांडला, माझी हरकत नाही असं म्हटला, की समाजाचं हो."

परत येताना बसमध्ये काकी एकदम हसायला लागल्या. मी घाबरले. म्हणाल्या, "अगं, सर काय म्हणाले होते? दोन घरं." आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

नामदेवांच्या पुण्यतिथीला देवळात समाजाची सभा असायची. देवाचा नवा पोशाख दरवर्षी आमच्याकडून जायचा. त्याही वर्षी मी पहिला टाका घातला, बाकीचा काकींनी शिवला. पांडुरंगाच्या अंगावर तो चढला तेव्हा काकींनी हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते. काय मागितलं असेल ते मला ठाऊक होतं, मीही तेच मागितलं.

सभा सभामंडपात. आम्ही बायका मागं, स्वयंपाकाच्या ओवरीत, प्रसादाचं खोबरं खवत. तिथून ऐकू सगळं यायचं, बोलायची रीत नव्हती. शेवटी मामंजी उठले.

"आमच्या घरातल्या एका बाईंचा विषय आहे. बाहेर शिकवायला जायचं म्हणतात. समाजानं सांगावं."

आप्पाजी म्हणाले, "तुमचं मत सांगा, जयसिंगराव."

"मी समाजाच्या बाहेर आहे का?"

"आणि समाज तुमच्या घरात शिरणारा आहे का?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आधी घरानं ठरवावं. दुसरं कुणी म्हणालं, पायंडा पडेल, विचार करून ठरवू. आप्पाजी म्हणाले, विषय चांगला आहे, दिवाळीनंतरच्या सभेत घेऊ.

गणपती दिवाळीच्या आधी येतात हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. काकींच्या हातातल्या वाटीतलं खोबरं केव्हाच संपून खवणी करवंटीला लागली होती. त्या तशाच खवत होत्या. मी वाटी काढून घेतली.

हवाईचं राज्य झालं ते त्यानंतर, श्रावणात. सर मुद्दाम सांगायला आले, उत्साहात होते. बिचाऱ्यांना आमच्या घरातलं पुरतं ठाऊक नव्हतं. "अक्का, झालं बघा. साठ वर्षांनी." काकी म्हणाल्या, "चांगलं झालं, सर. राणी असायला हवी होती." आणि मग, अगदी सहज, "नीलाताईंना सांगा, दुसरी बाई बघा."

मी त्या रात्री उपेंद्रांना म्हटलं, तुम्ही का नाही बोलत अण्णांशी? ते म्हणाले, "काकी गेल्या तर मागचं काम कोण करणार? तू?" मला शिवता येत होतं, पण त्या खोलीत, त्या भिंतीसमोर, जन्मभर?

दिवाळीनंतरच्या सभेत विषय निघाला नाही. बसवनगुडीला दुसरी बाई लागली होती, आता कशाचा ठराव करायचा? मामंजी घरी येऊन म्हणाले, "समाजाची हरकत नव्हती तशी." काकी म्हणाल्या, "सरी, अण्णा."

साठ सालच्या जूनमध्ये प्राणेशसर शेवटचं निशाण बगलेत घेऊन परत आले. चार जुलैपासून पन्नास चांदण्या. नवं शिवायची गरज नव्हती, आहे त्यावरच करायचं होतं.

मामंजी घाईत होते, शाळांच्या गणवेशाचे दिवस. निशाण आडोशावरून आत टाकत म्हणाले, "कोपऱ्यात एक चांदणी लावून द्या, कृष्णाबाई. कोण मोजतंय?"

"तसं होत नाही, अण्णा," काकी आतून म्हणाल्या.

"मग कसं होतं?"

"सगळ्या उसवाव्या लागतात. सहाची ओळ, पाचची ओळ, अशा नऊ ओळी. सरांनी मागंच सांगितलंय."

त्या उसवायला बसल्या. दुपार होती, पण आभाळ आलेलं, भिंतीवर ऊन उतरलंच नाही. पांढऱ्या चांदणीवर पांढरा दोरा, टाका दिसेना. दोनदा कात्रीचं टोक कापडात गेलं. काकी थांबल्या. निशाण घडी करून माझ्या हातात दिलं, उठल्या, पडदा बाजूला केला आणि पुढच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यामागं.

"गुंडू," काकी म्हणाल्या, "माझं मशीन पुढं घे."

गुंडूनं मामंजींकडं बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघतोस? मी बाहेर कुठं चालले नाही. दुकानातच आहे. उजेडात बसायचंय."

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "कृष्णाबाई, गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत. त्यांचेच कपडे शिवते मी."

गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारे मुदलियार होते, जुने. त्यांना मराठी कळत नव्हती की कळत होती देव जाणे, ते अंगातल्या कोटाचं बटण चाचपत भिंतीकडं बघत राहिले. मामंजींना त्यांच्यासमोर आवाज चढवता येईना. गुंडू आणि दुसरा कारागीर आत गेले आणि मशीन उचलून घेऊन आले. पण पुढं चौथ्या मशीनला जागा कुठं होती? गुंडूचं मशीन दाराकडं सरकलं. इस्त्रीचं टेबल समोरच्या भिंतीला गेलं. तरी उजेडाच्या जागी मामंजींची खुर्ची, विठ्ठलाच्या तसबिरीखाली, दुकान सुरू झाल्यापासून तिथंच.

काकी खुर्चीपाशी उभ्या राहिल्या.

"मग मी कुठं बसू?" मामंजी म्हणाले.

"स्वल्प सरका, अण्णा."

मामंजी उठले. खुर्ची त्यांनी स्वतःच ओढली, फळीच्या आडोशापर्यंत. तिथं पाठीला पडदा लागायचा, तो त्यांनी त्याच दिवशी काढून टाकायला लावला.

काकी बसल्या. रस्त्यावरून येणाऱ्या उजेडात निळं कापड मांडीवर पसरलं आणि उरलेल्या चांदण्या उसवल्या. नवी ओळ लावायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं पुढं झाले. काकींनी सुई ओवली, पण माझ्या हातात दिली नाही. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी बघितलं, आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर काकी पुढंच बसल्या, अडुसष्ट साली डोळे जाईपर्यंत. बसवनगुडी त्यांनी पाहिली नाही. निशाण न्यायला सर आले तेव्हा म्हणाले, या वर्षी तरी या अक्का प्रदर्शनाला. काकींनी मामंजींकडं बघितलं. मामंजी मापं लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"काम आहे, सर," काकी म्हणाल्या. "वारा असेल अशा जागी लावा या वेळी."